काला अंब ते किर्लोस्करवाडी : लक्ष्मणरावांचे स्मरण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळच केली. सरकारी टिपणे लिहिण्यात ज्या हाताची उणीपुरी तीस वर्षे गेली, त्या हातून वाचनीय असे काही उतरेल याचा आम्हांस भरवसा नव्हता. परंतु मागील संक्रांतीस मंडळाची बस नेहमीप्रमाणे पानिपतास गेली, आणि त्या एका दिवसात जे पाहण्यात आले त्यामुळे विषय आपण होऊनच हाती आला.

काला अंब आपल्या सभासदांना नवा नाही. पानिपत शहराबाहेरचे ते आवार, तो विटांचा स्तंभ आणि रक्ताने काळवंडले असे लोक सांगत आले ते, केव्हाच नाहीसे झालेले आंब्याचे झाड. दिल्लीकडील बहुतेक मराठी कुटुंबांनी तेथे एकदा तरी माथा टेकलेला आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी तेथे काय घडले हे आम्ही पुन्हा सांगत नाही. मात्र दर वर्षी मुले एकच प्रश्न विचारतात, की आपण हरलो का. आणि दर वर्षी वडीलधारी मंडळी ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे होळकरांना, जाटांना किंवा दैवाला दोष देतात. आम्हांस तेथे उभे राहिले की आठवते ती अगोदरच्या अडीच महिन्यांची छावणी. लढणाऱ्यांच्या कितीतरी पट न लढणारी माणसे, त्यांची जनावरे, त्यांचे सामान. आणि गोविंदपंत बुंदेले पडल्यानंतर आटत गेलेली रसद. तलवारीला तलवार भिडण्यापूर्वीच धान्याचा, वैरणीचा आणि दिवसांचा हिशेब हुकला होता. शौर्याची वाण तेथे कोणत्याच दिवशी नव्हती. असो. इतिहासकारांच्या प्रांतात आम्ही अधिक शिरत नाही.

परतताना आमच्या एका स्नेह्यांनी सर्वांना त्यांच्या कारखान्यावर चहासाठी नेले. हे गृहस्थ मूळचे कोल्हापूरकडचे. पानिपतात त्यांची लहानशी ओतशाळा आहे. मागाचे आणि सूत पिंजण्याच्या यंत्रांचे बिडाचे सुटे भाग ते ओतून देतात. चहा, तिळगूळ झाल्यावर ते आम्हांला एकट्यालाच शेडच्या मागे घेऊन गेले. तेथे रद्द मालाचा एक ढीग होता. कुठे कोपरा उडालेला, कुठे आत पोकळी राहिलेली, कुठे माप चुकलेले. तो ढीग पुन्हा भट्टीत जातो, लोखंड काही वाया जात नाही. पण एकदा जाळलेला कोळसा आणि एकदा दिलेली मजुरी परत येत नाही. कर्जाचे हप्ते थकले होते. आठ-दहा माणसे कमी करून किंवा कारखानाच विकून गावी परतावे असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. आम्ही केंद्र सरकारात आहोत म्हणून आमच्याकडे एखादी योजना असेल अशी त्यांची समजूत. योजना होती, तिचे माहितीपत्रकही आम्ही पुढे पाठवून दिले. परंतु त्या ढिगाला योजनेने काय होणार, हे आमचे आम्हांला ठाऊक होते.

त्या रात्री परतीच्या बसमध्ये आम्हांस लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. त्यांचे नाव मराठी घरात कोणास माहीत नाही? परंतु आपण त्यांना ओळखतो ते मोठ्या उद्योगाचे संस्थापक म्हणून. बेळगावच्या लहानशा कारखान्यात खपाविना पडलेल्या नांगरांपाशी उभा असलेला कर्जबाजारी तरुण आपल्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही. आमच्या स्नेह्यांना उपयोग झाला असता तर त्या तरुणाचा झाला असता, म्हणून ही हकिकत त्याच बाजूने सांगतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे अध्वर्यू अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे आणि त्याच घराण्याचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. शाळेच्या पुस्तकात ते रमेना. अशा मुलाचे पुढे काय होते हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्याला वाया गेलेला म्हणण्याची घाई होते. येथे ती झाली नाही याचे श्रेय थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांना आहे. वडिलांचा विरोध असताना धाकट्या भावाच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. या विद्यार्थ्याला काही रंगांतील भेदच कळत नसे. चित्रकाराला यापेक्षा मोठा आघात कोणता? दोन वर्षांचे शिक्षण पाण्यात गेले असे कोणीही म्हटले असते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखाटनात रंगाचे काम नसते; तेथे लागते ती नजर, माप आणि हाताची स्थिरता, आणि ती त्यांच्याजवळ भरपूर होती. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांना शिकविण्याची जागा मिळाली. जे हाती उरले त्याचा उपयोग करण्याची ही रीत त्यांच्या चरित्रात पुढे इतक्या वेळा आढळते की तिला योगायोग म्हणवत नाही.

रेखाटनाचे हे शिक्षण पुढे त्यांच्या कारखान्याच्या मुळाशी गेले असे आम्हांस वाटते. चूक करायचीच असेल तर ती करण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे कागद. कागदावरची रेघ खोडली तर दमडीचे नुकसान. लाकडी नमुन्यात चूक राहिली तर सुताराचा दिवस फुकट. आणि तीच चूक ओतलेल्या बिडात उतरली तर लोखंड, कोळसा, मजुरी आणि गिऱ्हाइकाचा विश्वास ही चारही गेली. आमच्याकडील पुष्कळ लहान कारखानदार नमुना हातात धरून, नजरेने माप घेऊन काम सुरू करतात. हुशारी असते, पण ती एकाच्याच डोक्यात असते. तो आजारी पडला की काम बिघडले.

तंत्रशाळेतील नोकरी बरी चालली होती. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. आम्ही स्वतः नोकरदार आहोत; असा प्रसंग आमच्यावर आला असता तर आम्ही एक अर्ज केला असता, त्याची स्मरणपत्रे पाठविली असती आणि निवृत्तीची वाट पाहिली असती. म्हणून या राजीनाम्याविषयी आम्हांस विशेष आदर आहे.

बेळगावला सायकलींचा व्यवसाय अगोदरच सुरू झाला होता. किर्लोस्कर उद्योगाचे मूळ साल म्हणून १८८८ मानतात ते याच दुकानामुळे. मुंबईत नोकरीत असतानाच लक्ष्मणराव तेथून सायकली घेऊन धाडीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकून गिऱ्हाइकाला चालवावयासही शिकवीत. नोकरी सोडल्यावर लक्ष्मणराव स्वतः तेथे येऊन राहिले. विकण्यापेक्षा घडविण्याकडे त्यांचा ओढा. म्हणून दुकानाला जोडून लहानसा कारखाना उभा राहिला आणि त्यातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले.

या यंत्राकडे आपण शहरी माणसे सहज दुर्लक्ष करू. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी गोठ्यातले दृश्य आठवावे. गुरांपुढे अख्खा कडबा टाकला की गुरे पाला ओरबाडतात, मऊ ते खातात आणि जाड ताटे पायांखाली तुडवितात. सकाळी गोठा झाडताना वैरणीचा मोठा हिस्सा शेणात गेलेला असतो. तोच कडबा बारीक कापून घातला तर ताटेही पोटात जातात. म्हणजे लक्ष्मणरावांनी यशस्वीपणे केलेले हे आरंभीचे यंत्र नासाडी थांबविण्याचेच होते, आणि दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याला त्याचे मोल सांगावे लागत नव्हते.

नांगराचे तसे नव्हते. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. आपला परंपरागत लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर उलटून टाकतो, त्यामुळे हरळीसारखे चिवट तण मुळासकट वर येते. विलायती नांगर त्या वेळी येत होते, पण ते महाग. देशी कारखान्यातला स्वस्त नांगर हातोहात खपेल असा हिशेब कोणीही केला असता. प्रत्यक्षात पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! लोखंड जमिनीला विषारी आहे, त्याने काळी आई नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

पुष्कळ चरित्रकार येथे शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेला चार शब्द सुनावून पुढे जातात. आम्हांस तसे करवत नाही. ज्याचे सर्व काही एका पावसावर आणि दोन बैलांवर अवलंबून आहे, त्याने परक्या वस्तूवर चटकन विश्वास ठेवावा तरी का? शिवाय जड नांगराला बैलांच्या अधिक जोड्या लागतात, हा खर्च त्याच्या डोळ्यांसमोर होताच. तयार होऊन पडून राहिलेला माल ही कारखान्यातील सर्वांत महाग वस्तू असते. तिच्यात लोखंडही अडकते, मजुरीही अडकते, आणि व्याज मात्र झोप घेत नाही. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांना हे जितके कळले असेल तितके कोणत्याही पुस्तकाने शिकविले नसते. पुढे किर्लोस्करांचा नांगर गावोगावी गेला.

आम्ही पूर्वी ज्या एका कार्यालयात होतो तेथे लोखंडी कपाटांची मोठी खरेदी झाली होती. कपाटे आली तेव्हा ती दारांतून आत जाईनात. ती व्हरांड्यातच राहिली, पावसात गंजली आणि त्यांच्या हलविण्याविषयीची धारिका मात्र दिवसेंदिवस जाड होत गेली. कोणाचाही लोभ नव्हता, चोरी नव्हती. दाराचे माप घेण्याचे काम कोणाचे, एवढेच ठरलेले नव्हते. ती कपाटे आठवली की बेळगावच्या त्या न खपलेल्या नांगरांविषयी आम्हांस अधिक आपुलकी वाटते. कारण तेथे नुकसान स्वतःच्या खिशातले होते, आणि म्हणून शिकणेही भाग होते.

नांगराचा जम बसतो न बसतो तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करण्याचा हुकूम नगरपालिकेकडून आला. बेळगावात आज किर्लोस्करांच्या नावाचा रस्ता आहे. त्या काळी मात्र त्यांना आपली यंत्रे कोठे न्यावी हा प्रश्न पडला होता. या सुमारास औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी यमाईच्या देवस्थानी सभामंडप उभारण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार. रंग न कळणारा यांत्रिक आणि रंगांत रमणारा राजा यांचे सूत चांगले जमले. राजेसाहेबांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली.

जमीन कसली, माळच तो! निवडुंग माजलेला, सापांचे राज्य, पाण्याची वानवा. शेतीच्या दृष्टीने ती टाकाऊच. परंतु तिच्या शेजारून आगगाडी जात होती. ज्याच्या कारखान्यात कच्चे लोखंड व कोळसा मणामणाने यावयाचा आणि तितकेच जड नांगर बाहेर जावयाचे, त्याला स्टेशनालगतचा माळ हा नदीकाठच्या काळ्या रानाहून अधिक मोलाचा. बैलगाडीच्या प्रत्येक फेरीचा खर्च वस्तूच्या किमतीत भर घालतो, पण वस्तूच्या गुणात काडीची भर घालीत नाही. आता परदेशी पुस्तकांतून या विचाराला मोठमोठी नावे मिळाली आहेत. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांनी निवडुंग तोडीत तेथे संसार मांडले. राधाबाईंसारख्या घरातील स्त्रियांनी त्या पहिल्या दिवसांत काय सोसले असेल, याची कल्पना परमुलखात बिऱ्हाड थाटलेल्या आमच्या भगिनींना आमच्यापेक्षा चांगली येईल.

वाडीवर जमलेली माणसेही पाहण्यासारखी होती. वसाहतीची आखणी, रस्ते, स्वच्छता, पाणी हे सारे रामूअण्णांकडे. शंभोराव जांभेकर कारखान्याचे यंत्रज्ञ. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेबाच्या वह्या. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. अनंतराव फळणीकर तर शिक्षण अर्धवट सोडलेले. त्यांच्यातील कल्पकता ओळखून लक्ष्मणरावांनी त्यांना यंत्रकामात घेतले. तुरुंगातून सुटून आलेल्यांना कोणी दारात उभे करीत नसे. वाडीवर त्यांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम मिळाले. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक होता, आणि तोही त्या काळात, त्या मुलखात. याला कोणी समाजसुधारणा म्हणेल आणि ते बरोबरच आहे. परंतु कारखानदाराच्या नजरेने पाहिले तरी हाच हिशेब निघतो. जातीमुळे, जुन्या गुन्ह्यामुळे किंवा अपुऱ्या शिक्षणामुळे चांगली माणसे बाजूस टाकणे ही समाजाची सर्वांत मोठी नासाडी, आणि तिचा आकडा कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

येथे रामूअण्णांविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. तक्रार आमच्या पिढीविरुद्ध आहे. लक्ष्मणरावांचे तैलचित्र आपण लावतो. पण शिक्षणाचा भार उचलणारा, दुकान सांभाळणारा आणि वाडीतील गटारांपर्यंत लक्ष घालणारा थोरला भाऊ आपल्या स्मरणातून निसटतो. यंत्र बंद पडते ते पुष्कळदा यंत्रातील बिघाडामुळे नव्हे. कामगाराच्या घरी पाणी नसते, मूल आजारी असते, म्हणून तो कामावर आलेला नसतो. वाडीच्या स्वच्छ रस्त्यांचा आणि कारखान्याच्या उत्पादनाचा संबंध रामूअण्णांना समजला होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि समुद्रापलीकडून येणारे लोखंड, कोळसा, रंग यांची टंचाई झाली. विलायती नांगरही येईनासे झाले. म्हणजे मागणी वाढली आणि कच्चा माल आटला, अशी दुहेरी अवस्था. या वेळी लक्ष्मणरावांची दृष्टी कोल्हापूर संस्थानातील जुन्या, निकामी तोफांकडे गेली. शाहू छत्रपतींनी त्या दिल्या, आणि त्या वितळवून किर्लोस्करवाडीस नांगर तयार झाले.

काला अंबच्या आवारात उभे राहून ही गोष्ट आठवावी. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. आपल्या तोफा तेथेच शत्रूच्या हाती पडल्या. उरलेल्या किती तोफा कोणकोणत्या दरबारांत गंजत राहिल्या, कोण जाणे. लोक त्यांच्याकडे अभिमानाने पाहत, मुले त्यांवर चढून बसत. त्यांत लोखंड आहे हे सर्वांनाच दिसत होते. पण त्या लोखंडाला पुन्हा काम देता येईल, हे ओतशाळेत हात काळे झालेल्या माणसालाच सुचावे. आता इतिहासप्रेमी मंडळी तोफा वितळविल्या म्हणून हळहळतील. आम्हांलाही क्षणभर हळहळ वाटते. परंतु त्या वर्षी नांगरणीस खोळंबलेल्या शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, याविषयी आम्हांस संशय नाही.

पुढचा काळ भरभराटीचा आहे, म्हणून तो आम्ही थोडक्यात आटोपतो. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत न्यावी एवढाच त्याचा आरंभीचा हेतू, पण त्यातून किर्लोस्कर, १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर अशी मासिके उभी राहिली. आमच्या आईच्या उशाशी स्त्रीचे अंक असत. ते नांगराच्या कारखान्यातून निघाले हे आम्हांस फार उशिरा कळले. १९२६ साली चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतले. त्याच सुमारास पाण्याचे पंप तयार होऊ लागले. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी सामान यांची भर पडत गेली. १९४१ साली हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना निघाला. १९४६ साली बंगळूरला विजेच्या यंत्रांचा आणि पुण्याला तेलावरील इंजिनांचा.

एक काळा दिवस मात्र सांगितलाच पाहिजे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षे एकेक खिळा जपून उभे केलेले काही तासांत भस्म झाले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. साऱ्या आयुष्यात त्यांनी जी नासाडी थांबविली तिच्यापुढे ही एका दिवसाची नासाडी केवढी! कारखाना पुन्हा उभा राहिला. पुण्यास २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांना सर्व काही साधले ते केवळ स्वतःच्या गुणांवर, असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. त्यांना रामूअण्णांसारखा भाऊ मिळाला, औंधचा राजा मिळाला, महायुद्धाने परकी स्पर्धा काही काळ दूर केली. आमच्या पानिपतच्या स्नेह्यांना यांपैकी काहीच मिळालेले नाही. त्यांच्याकडे राजाऐवजी बँक आहे, आणि बँक सभामंडप बांधून घेत नाही.

तरीही एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे पुन्हा गेलो. पानिपत हे जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढणारे गाव आहे, हे आपणांस ठाऊक असेल. तेथे गठ्ठे फुटले की बायाबापड्या प्रथम रंगांनुसार चिंध्या वेगळ्या करतात, बटणे आणि साखळ्या कापून काढतात, मगच लोकर यंत्रात जाते. रंगानुसार निवड झाली की सूत पुन्हा रंगवावे लागत नाही, आणि रंग, पाणी, इंधन सारे वाचते. स्नेह्यांच्या शेजारीच असे एक गोदाम होते. ते पाहून आम्ही त्यांना सुचविले की तुमचा ढीगही असाच निवडून पाहू. वर्षानुवर्षे तो एकच ढीग होता, आणि म्हणून त्याला एकच नाव होते, भंगार.

त्या दिवशी आम्ही दोघे, त्यांचा मुलगा आणि एक वृद्ध साचेवाला असे चौघे दुपारपर्यंत तो ढीग निवडीत बसलो. माप चुकलेले थोडेच निघाले. आत पोकळी असलेले नग सर्वांत अधिक. साचेवाल्याने ते पाहून सहज सांगितले की बहुतेक नग सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचे असणार. सुट्टीत वाळू कोरडी पडते, मग सकाळी घाईने तिच्यावर जास्त पाणी मारले जाते, आणि ओल्या साच्यात तापलेले बीड पडले की वाफ आतच कोंडते. त्याला हे किती दिवसांपासून ठाऊक होते असे विचारले, तेव्हा तो नुसता हसला. कमी करावयाच्या माणसांच्या यादीत पहिले नाव त्याचेच होते, कारण वय झाले होते. स्नेह्यांनी ती यादी आमच्यादेखत फाडली असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते; पण तसे घडले नाही. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. मात्र दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रद्द नगावर खडूने तारीख पडू लागली, आणि सुट्टीच्या संध्याकाळी वाळू झाकण्याचे व सकाळी तिच्यावर पाणी घालण्याचे काम त्या वृद्धाकडे आले. ढीग आता पूर्वीपेक्षा लहान आहे. बँकेचे कर्ज अजून फिटलेले नाही. त्या यादीविषयी आम्ही पुन्हा विचारले नाही, पण साचेवाला कामावर आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब गोवा एक्सप्रेसने बेळगावाकडे गेलो. निजामुद्दीनहून निघालेली ती गाडी पुणे सोडून मिरजेकडे वळते, आणि वाटेत सांगलीच्या अगोदर लक्ष्मणरावांचे ते स्टेशन लागते. कुंडल रोड हे त्याचे मूळ नाव बदलून आता किर्लोस्करवाडी असे झाले आहे. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा रात्र पडली होती. डब्यातील बहुतेक मंडळी निजली होती. आम्ही खिडकीची काच वर करून बसलो होतो. फलाटावरील पिवळी पाटी दिव्याच्या उजेडात सरकत गेली, आणि तिच्या पलीकडे, एके काळी नुसता निवडुंग होता त्या माळावर, दिव्यांची एक लांब रांग दिसली.